बाटलीच्या तळातलं यीस्ट

माझे वडील नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. एकतीस वर्षं त्यांनी काचेची भांडी धुतली, परीक्षानळ्या उलट्या करून वाळवल्या, स्पिरिटचे दिवे भरले. त्यांना विज्ञान किती कळत होतं, हे मला कधी नीट समजलं नाही. सरांचं ऐकून ऐकून पुष्कळसं पाठ झालं होतं, एवढं खरं. पण हात मात्र त्यांचा फार स्वच्छ होता. धुतलेल्या काचेवर पाण्याचा थेंब थांबून राहिला तर ते भांडं पुन्हा धुवायला घ्यायचे. म्हणायचे, "थेंब थांबला म्हंजे तेल हाय. काच साफ असली की पानी पसरतं." आमच्या घरातले चहाचे ग्लासही याच कसोटीवर तपासले जायचे आणि आई वैतागायची.

मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं ते त्यांच्याच हट्टानं. प्रयोगशाळेच्या दारातून आत काय चाललंय ते बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, मुलीनं आत टेबलाशी बसावं असं त्यांना वाटायचं. मी बसलेही. पण नोकरी लागली ती पुण्याच्या बाजूला, एका बिअरच्या कारखान्यात. माझं काम यीस्ट सांभाळण्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, जिवंत किती, मेलेल्या किती ते लिहायचं. फोनवर बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फोन आईकडे दिला. दोन दिवसांनी आईनं सांगितलं की गल्लीत त्यांनी पेढे वाटले आणि पोरगी औषधाच्या कंपनीत लागली म्हणून सांगितलं.

मला राग आला, पण कारण माहीत होतं. निदान तसं मला वाटायचं. बाबांचे थोरले भाऊ उमरीजवळच्या आमच्या गावी शेती करायचे. ते दारूनं गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, दहा वर्षांचा होता. त्याला मी अण्णा म्हणते. बाबांनी त्याला नांदेडला आणलं, आमच्या दोन खोल्यांत ठेवलं, पॉलिटेक्निकपर्यंत शिकवलं. पुढं त्याला लातूरला नोकरी लागली, लग्न झालं, तो तिकडेच राहिला. आमच्या घरात त्याच्या सगळ्या कुटुंबाला मिळून 'लातूर' असंच म्हणायची सवय पडली. लातूरचा फोन आला होता, लातूर येणार आहे दिवाळीला. नातेवाईक बाबांचं नाव काढायचे. पुतण्याला पोटच्या पोरासारखं केलं, म्हणायचे. बाबा अशा वेळी उठून बाहेर जायचे. आम्हाला तो त्यांचा संकोच वाटायचा.

माझ्यासाठी पहिलं स्थळ आणलं तेही अण्णानंच, लातूरचं. मुलगा सरकारी इंजिनिअर. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा असे चौघं आले. मी पोह्यांच्या बशा देत होते. मामांनी सहज विचारलं, "कंपनीत कोणती औषधं बनवता?"

माझ्याऐवजी बाबा बोलले. "तापाची," ते म्हणाले.

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मामा, मी बिअरच्या कारखान्यात आहे. बाबांना सांगायला अवघड जातं."

कुणी काही वावगं बोललं नाही. त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, आईच्या हातच्या पोह्यांचं कौतुक केलं आणि गेले. अण्णा त्यांना गाडीपर्यंत सोडून आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "काय नडलं होतं बाई तुझं एवढं? मी मागून सांगितलं असतं की."

बाबा खुर्चीतच बसून होते. "लोकायसमोर मला खोटं पाडलंस," ते म्हणाले.

"तुम्ही खोटंच बोलत होतात."

"दारूच्या कारखान्यात माझी पोरगी. आन् ते मी गावाला सांगू?" मग त्यांनी शांतपणे म्हटलं, "तू तिकडंच राहा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गेले. त्यानंतर दीड वर्ष मी घरी फोन केला की बाबा उचलायचे, माझा आवाज ऐकायचे आणि "घे" म्हणून आईकडे द्यायचे. एवढा एक शब्द. मीही हट्टाला पेटले होते. दोन दिवाळ्या मी खोलीवरच काढल्या.

मग टाळेबंदी आली. कारखाना बंद झाला, मेस बंद झाली. नांदेडकडे निघालेल्या एका सहकाऱ्याच्या गाडीत पास काढून मला जागा मिळाली. घरी पोचले तेव्हा बाबांनी अंगणात गरम पाण्याची बादली आणून ठेवली आणि आत वळून आईला म्हणाले, "तिला म्हनाव, आधी आंघोळ कर." मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते.

माझ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये गुंडाळलेल्या चार बाटल्या होत्या. कारखान्यात आम्ही गव्हाच्या बिअरची एक छोटी चाचणी केली होती, त्यातल्या. बाजारात मिळणारी बहुतेक बिअर गाळून आणि गरम करून भरलेली असते, तिच्यात जिवंत काही उरत नाही. ही मात्र न गाळताच भरली होती. बाटली उभी ठेवली की तळाशी पांढुरका थर बसायचा. तो थर म्हणजे यीस्ट, झोपलेलं पण जिवंत. त्याला खायला दिलं तर पुन्हा उठतं, वाढतं आणि त्यातून नवी बिअर करता येते. घरी करायला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता, हे मला ठाऊक होतं. विकायचं किंवा कुणाला द्यायचं काही मनात नव्हतं. पण ज्या घरात वडील बोलत नाहीत त्या घरात दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. आणि खोटं कशाला बोलू, थोडी खोडही होती. त्यांच्याच घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर मला माझं काम करायचं होतं.

आईला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यातलं काही समजत न्हाई. पन माझा कुकर खराब करू नको."

किराणा दुकानातून पूजेला लागतात ते जव आणले. ते भिजवले, ओल्या गोणपाटावर पसरून मोड आणले. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दोन दिवसांत खडखडीत वाळले. थोडे गहूही तसेच केले. मिक्सरवर भरडून, कोमट पाण्यात मुरवून, पंच्यानं गाळून गोड पाणी काढलं. मग एका बाटलीतली वरची बिअर अलगद मोरीत ओतून टाकली, तळाशी बोटभर गाळ ठेवला. त्यावर उकळून गार केलेलं ते गोड पाणी घातलं, तोंडाला कापसाचा बोळा कोंबला आणि बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. अधूनमधून हलवत राहिले.

तिसऱ्या दिवशी वर पातळ साय आली आणि आंबूस वास सुटला. दुसरेच जंतू शिरले होते. मी बाटली हातात घेऊन बघत होते तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आले. त्यांनी माझ्याकडे नाही, बाटलीकडे पाहिलं.

"हे बूच काय लावलंस?" ते म्हणाले.

दीड वर्षानंतरचं पहिलं वाक्य होतं ते. मी बाटली ओट्यावर ठेवली.

"कापूस असा कोंबतेत का? हवा जायला पायजे आन् धूळ न्हाई जायला पायजे. एम.एस्सी.ला हेच शिकवलं का तुमाला?"

ते आतल्या खोलीत गेले. पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन शंकूच्या आकाराचे काचेचे चंबू होते, एक थर्मामीटर, स्पिरिटचा दिवा आणि रबरी बुचं. कॉलेजनं भंगारात काढलेलं हे सामान त्यांनी रीतसर मागून घरी आणलं होतं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जुन्या मलमलीचा तुकडा घेतला, त्यात कापूस गुंडाळला, दोऱ्यानं बांधला आणि चंबूच्या तोंडात फिरवून बसवला. घट्टही नाही, सैलही नाही. मग म्हणाले, "हात धू. कोपरापर्यंत."

असं आम्ही कामाला लागलो. त्या वस्तूला ते कल्चर म्हणायचे, बिअर हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. आईचा कुकर शेवटी घेतलाच. चंबू आणि गोड पाणी त्यात घालून ते शिट्ट्या नाही, मिनिटं मोजायचे. दुसरी बाटली त्यांनी स्वतः उघडली. दिवा पेटवला, बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवलं, गाळ एका झटक्यात चंबूत ओतला आणि बूच लावलं. त्यांचा हात जराही कापला नाही. आमच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये इतक्या सफाईनं कुणी ते करत नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "मास्तर लोकायसमोर करायची पाळी कधी आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी चंबूला बारीक फेस आला. बाबांनी विचारलं, "जिवंत हाय कशावरून?" मी म्हणाले, फेस दिसतोय की. त्यांना ते पटलं नाही. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून त्यांनी वरची निवळी काढली, चंबूला रबरी बूच बसवून त्यातून सलाईनची नळी काढली आणि नळीचं टोक त्या निवळीत बुडवलं. पाऊणेक तासात निवळी दुधासारखी पांढरी झाली. कॉलेजात दरवर्षी मुलांना दाखवायचा प्रयोग. त्यांनी आईला हाक मारून दाखवलं. "श्वास घेऊन राहिलं बघ," ते म्हणाले.

एकच गोष्ट खटकायची. दिव्यासाठी मी मेडिकलमधून स्पिरिट आणलं होतं. दिवा भरून झाला की बाबा ती बाटली कपाटात ठेवून कुलूप लावायचे आणि किल्ली बनियनच्या आत, जानव्यासारख्या दोऱ्याला बांधलेली. पुन्हा लागलं की पुन्हा उघडायचे. एका दुपारी मी वैतागून म्हणाले, "बाबा, घरात आपण तिघंच आहोत. कुलूप कशाला?"

आई शेजारी पापड लाटायला गेली होती. बाहेर ऊन इतकं होतं की आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. गॅसवर गोड पाण्याचं मोठं पातेलं उकळत होतं आणि ते तासभर उकळू द्यायचं होतं. बाबा खाली जमिनीवर बसले. मग त्यांनी सांगितलं.

"तुझे मोठे काका गावची दारू पिऊन न्हाई गेले," ते म्हणाले. "मी दिली हुती."

नोकरीला लागून त्यांना तीनेक वर्षं झाली होती. एके सकाळी त्यांचा भाऊ उमरीहून रेल्वेनं आला आणि थेट कॉलेजात, प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला. दोन दिवस दारू मिळाली नव्हती. हात इतके थरथरत होते की चहाचा कप धरता येईना. त्या दिवशी दुकानं बंद. भाऊ रडत होता, पाया पडत होता. धाकट्याच्या पाया.

"थोरला भाऊ पाया पडतो म्हनल्यावर माझं डोकंच चालंना," बाबा म्हणाले. "कपाटात दिव्याचं स्पिरिट हुतं. बाटलीवर लाल अक्षरात लिवलेलं, विष म्हनून. मी रोज वाचत हुतो ते. एवढ्याशानं काय हुतंय, असं मनाला म्हनलं. पानी घालून दिलं. दादा शांत झाला. मला लई बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी गावाहून निरोप आला, भावाला सगळं धुक्यासारखं पांढरं दिसतंय म्हणून. बाबांनी जीप करून त्याला नांदेडच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायला? बाबांनी सांगितलं, गावाकडची असेल. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

"नोकरी गेली असती. तू पाळण्यात हुतीस," ते म्हणाले. "हे मी कामून सांगून राहिलो, ठाऊक न्हाई. तुझ्या आईला ठाऊक न्हाई." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुझं शिक्षान झालंय. खरं सांग. डॉक्टरला तवाच सांगितलं असतं, तर वाचला असता का?"

अशा विषावर उतारा असतो. वेळेवर कळलं तर पुष्कळ जण वाचतात. हे मला माहीत होतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "नसते वाचले."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. पातेल्यातलं उतू जायला लागलं तसे ते उठले आणि गॅस बारीक केला.

ते पाणी गार करून आम्ही पाण्याच्या जारमध्ये भरलं, त्यात चंबूतलं यीस्ट ओतलं. मे महिन्याचं नांदेड. एवढ्या उष्म्यात यीस्ट नको ते वास सोडतं, म्हणून बाबांनी जार पाण्याच्या घमेल्यात ठेवला, ओल्या गोणपाटानं गुंडाळला आणि कूलरसमोर मांडला. घरातला एकमेव कूलर. आम्ही तिघं पंख्याखाली घाम पुसत बसायचो. दर दोन तासांनी ते गोणपाट भिजवायचे आणि वहीत तापमान लिहायचे. आठ दिवसांनी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत थोडी साखर घालून आम्ही ते भरलं. आणखी दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली.

फेस चांगला आला. आईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय. लोक यापायी घरंदारं विकतेत?" बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"पिकल्या केळाचा वास येतोय," ते म्हणाले.

"त्या यीस्टचाच तो वास आहे. बरोबर उतरलंय."

"मंग चांगली झाली म्हन." त्यांनी ग्लास खाली ठेवला. चव घ्या, असं मी म्हणाले नाही.

कारखाना सुरू झाला तशी मी परत गेले. आता फोन बाबाच करायचे. चंबूतलं कल्चर त्यांनी फ्रिजमध्ये ठेवलं होतं, दर पंधरवड्याला ते त्याला ताजं गोड पाणी द्यायचे आणि मला खबर द्यायचे. फेस किती आला, निवळी किती वेळात पांढरी झाली. मला त्याचा काही उपयोग नव्हता. पण मी विचारायची आणि ते सांगायचे. शेजारच्या घरी कुणी पाहुणे आले होते, त्यांनी मी काय करते ते विचारलं, तेव्हा बाबांनी बिअर कंपनीत आहे म्हणून सांगितलं, हे मला आईकडून कळलं. मोठ्या काकांविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मीच पॉझिटिव्ह होते, पुण्याला खोलीत कोंडलेली. आईनं पहिल्याच दिवशी अण्णाला कळवलं आणि तो लातूरहून मोटरसायकलवर निघून आला. दवाखान्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली चार दिवस बसून होता. पाचव्या दिवशी एका नर्सनं बाबांना माझ्याशी फोन जोडून दिला. त्यांना दम लागत होता.

"बाई, बरी हायेस का?"

"मी बरी आहे बाबा. तुम्ही बोलू नका."

"लातूरला सांग," ते म्हणाले. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "माझ्याच्यानं झालं न्हाई. लातूरला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. अग्नी अण्णानं दिला. पीपीई किट घालून, लांब उभं राहून, दोन अनोळखी माणसांच्या मदतीनं. फोन करून मला म्हणाला, "काकाचं सगळं नीट केलं बाई मी. तू फिकीर करू नको." आणि मग तो रडायला लागला, लहान मुलासारखा.

मी घरी पोचले ते दहाव्यानंतर. फ्रिज उघडला तर चंबूवर गुलाबी बुरशी धरली होती. आई दवाखान्यात खेपा घालत होती, त्या दिवसांत लाईट कितीदा गेली कुणास ठाऊक. मी ते मोरीत ओतलं आणि चंबू धुऊन ठेवला.

आईचं म्हणणं, बाबांनी लातूरला सांग म्हटलं ते आपल्या आजारपणाबद्दल. त्यांना कुठं ठाऊक, अण्णा बाहेरच बसलाय. तसंही असेल. पण माझ्याच्यानं झालं नाही, हे मी ऐकलं होतं, आईनं नाही. आणि आईला मी ते सांगितलंही नाही, कारण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. महिनाभर मी विचार केला. एकदा वाटायचं, मेलेल्या माणसाचं पाप चव्हाट्यावर कशाला आणायचं. एकदा वाटायचं, तीस वर्षं हा माणूस ते ओझं घेऊन फिरला आणि शेवटी माझ्याकडे दिलं, ते मी तसंच ठेवून कशी देऊ.

एसटी सुरू झाल्यावर मी लातूरला गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर, एकेक स्टँड येत होतं आणि प्रत्येक ठिकाणी मला वाटत होतं की उतरावं आणि समोरून येणाऱ्या गाडीनं परत जावं. वहिनींनी जेवायला घातलं. जेवण झाल्यावर अण्णा आणि मी पुढच्या खोलीत बसलो. भिंतीवर त्यानं बाबांचा फोटो लावला होता, हार घातलेला, त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या फोटोशेजारी.

मी सांगितलं. जसं बाबांनी मला सांगितलं तसंच, पुढंमागं काही न लावता.  संपल्यावर अण्णा उठला, फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं तो फोटो काढेल. त्यानं काढला नाही. तसाच माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "काकांनी मला शिकवलं, ते यापायी का?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. बाबांचा अण्णावर जीव होता. तो तापानं फणफणला तेव्हा बाबांनी रात्र रात्र पट्ट्या बदलल्याचं आई सांगायची. पण तो जीव कुठं संपत होता आणि प्रायश्चित्त कुठं सुरू होत होतं, हे मला कुठून कळणार? बाबांना तरी कळत होतं का?

"मला माहीत नाही अण्णा," मी म्हणाले.

"तुला माहीत नाही," तो म्हणाला. "मग सांगायला कशाला आलीस?"

त्यानं मला स्टँडवर सोडलं. गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. पोचलीस की वहिनीला फोन कर, म्हणाला. मला फोन कर, असं म्हणाला नाही.

तेव्हापासून तो नांदेडला आलेला नाही. वर्षश्राद्धाला आला नाही, कामाचं कारण सांगितलं. आई फोन करते तेव्हा तो उचलतो, नीट बोलतो, बीपीच्या गोळ्या घेतेस का विचारतो, येतो म्हणतो. येत नाही. मी फोन केला की वहिनी घेतात, बरं आहे सगळं म्हणतात आणि ठेवतात. त्यांना त्यानं काही सांगितलंय की नाही, ते मी विचारलेलं नाही.

आईला यातलं अजूनही काही माहीत नाही. तिला सांगायचं धाडस मला परत झालं नाही. ती आता एकटीच असते, मी महिन्या-दीड महिन्यानं जाते. मागच्या खेपेला जेवता जेवता ती म्हणाली, "लातूर कामून येईना गं? पहिलं तर महिन्याला चक्कर व्हायची."

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले.

"कामाचा लोड लई असंल," तीच पुढं म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "असेल."